घोड्याचे सुख कशात आहे?

'भाकरी का करपली? पाने का सडली? घोडा का अडला?' हे कोडे तुम्ही घरातील वडीलधाऱ्या माणसांकडून ऐकले असेल. तिन्ही प्रश्नांना उत्तर एकच : 'न फिरवल्यामुळे.' कोडे गमतीचे खरे. पण ते रचणाऱ्याला घोड्याची चांगली पारख होती यात संशय नाही. थानावर बांधून ठेवलेला घोडा बिघडतो, ही गोष्ट त्याने पाहिलेली होती.

कोड्यातील पहिले दोन प्रश्न आजही आपल्याला सहज उमगतात, कारण तवा आणि विड्याची पाने अजून घराघरांत आहेत. तिसरा प्रश्न मात्र दूरचा झाला आहे. एकेकाळी दारात, रस्त्यात, बाजारात दिसणारा घोडा आता लग्नाच्या वरातीत, दसऱ्याच्या मिरवणुकीत, समुद्राच्या वाळूवर किंवा थंड हवेच्या ठिकाणी तेवढा भेटतो. भेट दुर्मीळ झाली की ओळखही पुसट होते. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या घोडी होती तेथील मोतद्दार गेले, नालबंद थोडे उरले आणि जनावर मात्र राहिले. अशा जनावराला क्रौर्यापेक्षा अज्ञानाचाच जाच अधिक होतो. यास्तव घोड्याला सुख कशाने होते आणि दुःख कशाने, याचा थोडा पद्धतशीर विचार या लेखात करावयाचा आहे.

आपले माप आणि घोड्याचे माप

दुसऱ्याचे सुख मोजताना माणूस नकळत आपलेच माप वापरतो. आपल्याला बंद, उबदार खोली आवडते, म्हणून घोड्यालाही चार भिंतींची कोठडी बरी वाटत असेल असे आपण धरून चालतो. आपण दोन वेळा पोटभर जेवतो, म्हणून त्यालाही सकाळ-संध्याकाळ चंदी मिळाली की तो तृप्त झाला असे आपल्याला वाटते. आपल्याला एकांत आणि शांतता प्रिय, म्हणून तोही एकटा सुखात असेल असे आपण समजतो. यातील हेतू प्रेमाचा असतो, पण मोजमाप चुकीचे असते.

घोडा हा मुळात मोकळ्या गवताळ प्रदेशातला, कळपाने राहणारा आणि संकट दिसताच पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. मंगोलियातील प्रझेवाल्स्की नावाचे रानघोडे विसाव्या शतकात मोकळ्या रानातून नाहीसे झाले होते. प्राणिसंग्रहालयांत उरलेल्यांची संतती १९९२ पासून पुन्हा तेथे सोडण्यात आली. असे मोकळे घोडे दिवस कसा घालवतात हे पाहिले, तर त्यांचा क्रम फार साधा दिसतो. चार घास खावेत, दोन पावले पुढे जावे, पुन्हा चार घास खावेत. मध्येच सोबत्याशेजारी उभ्याने डुलकी घ्यावी. पाण्यासाठी लांबवर चालत जावे. हजारो वर्षे माणसाच्या सहवासात काढूनही पाळीव घोड्याचे पोट, पाय आणि मन याच दिनचर्येला जुळलेले राहिले आहे.

घोडा पाळताना त्याच्या शरीराची ही घडण आणि त्याचा हा स्वभाव ओळखून त्याची राहणी ठरवणे, याला नैसर्गिक अश्वपालन म्हणता येईल. त्याचा अर्थ घोड्याला मोकाट सोडणे असा नव्हे. काम संपले म्हणून रस्त्यावर सोडून दिलेली घोडी उकिरड्यावरच्या प्लास्टिकच्या पिशव्या खातात आणि पोटशूळाने तडफडतात. त्याला निसर्ग म्हणत नाहीत. पाळणाऱ्याची जबाबदारी या पद्धतीत कमी होत नाही, उलट वाढते. कारण जनावराला काय हवे याचा विचार रोज करावा लागतो.

चरण्यासाठी घडलेले पोट

गाईचे पोट चार कप्प्यांचे असते. ती भराभर चारा गिळते आणि मग निवांत बसून रवंथ करते. घोड्याची रचना अगदी वेगळी आहे. त्याला जठर एकच, आणि तेही देहाच्या मानाने लहान. मोठ्या घोड्याच्या जठरातदेखील ८ ते १५ लिटरच मावते. गवताचे चिवट तंतू पचवण्याचे काम पुढे मोठ्या आतड्यात, त्याच्या आरंभी असलेल्या प्रशस्त पिशवीत चालते. तेथे असंख्य सूक्ष्म जंतू चारा आंबवून त्यातून घोड्याला शक्ती मिळवून देतात. म्हणजे घोड्याला खाऊ घालणे हे एका अर्थी त्या जंतूंना खाऊ घालणेच होय.

या रचनेतून तीन गोष्टी निघतात. पहिली अशी की, घोड्याच्या जठरात आम्ल अहोरात्र पाझरत असते. तो खात असो वा नसो. त्या आम्लाचा दाह शमवणारी लाळ मात्र केवळ चावतानाच सुटते. मोकळा घोडा दिवसरात्र मिळून सुमारे सोळा तास चरतो, त्यामुळे त्याचे आम्ल आणि लाळ यांचा मेळ आपोआप बसतो. संध्याकाळी सहाला चारा दिला, तो आठपर्यंत संपला आणि पुढचा घास सकाळी सातला मिळाला, तर मधले अकरा तास जठराच्या अस्तरावर आम्लाचा मारा होत राहतो. पुष्कळ घोड्यांच्या पोटात व्रण होतात त्याचे एक मोठे कारण हे आहे. बाहेरून घोडा धष्टपुष्ट दिसतो. केवळ तंग आवळताना कान मागे टाकतो किंवा चावायला धावतो, आणि आपण त्याला खोडकर ठरवतो.

दुसरी गोष्ट चंदीची. हरभरा, बार्ली, भरडा यांनी कष्टाच्या घोड्याला बळ मिळते हे खरे आहे. पण एकाच वेळी पुष्कळ दाणा पोटात गेला तर तो वरच्या आतड्यात पुरता पचत नाही, खालच्या पिशवीत जाऊन आंबतो आणि तेथील उपकारक जंतूंचा नाश होतो. मग पोटशूळ उठतो, किंवा खुरांच्या आतील नाजूक पडद्यांना सूज येऊन घोडा पाऊल टाकायलाही तयार होत नाही. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेले अपायकारक अन्न बाहेर टाकण्याची वाटच त्याला निसर्गाने दिलेली नाही. म्हणून आधी चारा, मग दाणा. आणि दाणा द्यायचा तो थोडा थोडा, दोन-तीन वेळा वाटून, हा नियम पाळावा.

तिसरी गोष्ट बदलाची. जंतूंना नव्या खाद्याची सवय व्हायला वेळ लागतो. कालपर्यंत कडबा खाणाऱ्या घोड्यासमोर आज एकदम हिरव्या गवताचा भारा टाकणे हे लाड नसून संकट आहे. कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा.

हिशेब अवघड नाही. घोड्याच्या वजनाच्या शेकडा दीड ते दोन इतका सुका चारा त्याला रोज लागतो. तीनशे किलोच्या तट्टाला साडेचार ते सहा किलो. हाच चारा दोनदा ओतण्याऐवजी चार-पाच वेळा विभागून दिला, आणि त्यातला एक वाटा रात्री निजण्यापूर्वी टाकला, तर खर्च एका पैशाने न वाढता घोड्याचे दुखणे बरेच टळते. चारा उंच टांगू नये, जमिनीलगत ठेवावा. मान खाली घालून खाताना घोड्याच्या श्वासनलिकेतील धूळ व कफ सहज बाहेर पडतो; उंच बांधलेल्या चाऱ्याची धूळ मात्र थेट नाकात आणि डोळ्यांत जाते. पावसाळ्यात बुरशी धरलेला कडबा कितीही महागाचा असला तरी टाकून द्यावा. पावसाने ओढ दिल्यामुळे खुरटलेली कोवळी ज्वारी विषारी असते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला ठाऊकच आहे. ती घोड्यासही घालू नये.

पाणी, मीठ आणि घाम

माणसाप्रमाणे घोडाही घाम गाळून अंग थंड ठेवतो. फार थोड्या प्राण्यांना ही सोय आहे. त्या घामाबरोबर पाणी आणि मीठ दोन्ही जातात. मध्यम बांध्याच्या घोड्याला साध्या दिवशी २५ ते ४५ लिटर पाणी लागते. उन्हात काम असेल तर याहूनही अधिक. एखाद्या थांब्यावर दिवसातून दोनदा बादली दाखवली की काम झाले, असे मानणारा माणूस घोड्याला रोज थोडा थोडा तहानलेला ठेवतो. कोरड्या चाऱ्याबरोबर पाणी कमी पडले की आतड्यात गोळा अडकतो आणि पोटशूळ उठतो. बादली स्वच्छ हवी, कारण घोडा नाकाचा फार चोखंदळ असतो. शेवाळलेले, वास येणारे पाणी तो तहान सोसूनही टाळतो. जवळ सैंधवाचा खडा टांगून ठेवला, तर मिठाची गरज तो चाटून आपली आपण भागवतो.

घामाघूम घोड्याच्या अंगावर गार पाणी ओतू नये, अशी समजूत सर्वत्र होती. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या वेळी तेथील कडक उन्हाळा लक्षात घेऊन या प्रश्नाचा मुद्दाम अभ्यास झाला. तापलेल्या घोड्याच्या अंगावर गार पाणी ओतत राहणे, त्याला सावलीत व वाऱ्यात हळूहळू फिरवणे, हा त्याला वाचवण्याचा सुरक्षित आणि उत्तम उपाय आहे असे त्यातून दिसून आले. पिण्याचे पाणीही अशा वेळी तोडू नये. थोडे थोडे करून पुन्हा पुन्हा द्यावे.

चालणे आणि खूर

आता कोड्यातील घोड्याकडे वळू. 'न फिरवल्यामुळे' तो अडतो, याचे रहस्य त्याच्या खुरात आहे.

खूर म्हणजे निर्जीव शिंगाचा ठोकळा, असे दिसायला वाटते. प्रत्यक्षात तो जिवंत अवयव आहे. त्याच्या तळव्याच्या मध्यभागी त्रिकोणी, रबरासारखा मऊ भाग असतो. घोड्याने पाऊल टेकले की खुराची मागची बाजू किंचित फाकते, तो मऊ भाग दाबला जातो आणि आतल्या रक्तवाहिन्यांतील रक्त वर ढकलले जाते. पाऊल उचलले की पुन्हा नवे रक्त भरते. घोड्याच्या पायात गुडघ्याखाली जवळजवळ स्नायूच नाहीत; त्यामुळे तेथील रक्ताभिसरणाला या हालचालीचा मोठा आधार आहे. घोडा दिवसभर एका जागी उभा राहिला की पाय सुजतात, सांधे आखडतात, आतड्यांची हालचालही मंदावते. फिरणे हे त्याच्या पायाचे, पोटाचे आणि मनाचे एकदमच औषध आहे.

खूर महिन्याला सुमारे ६ ते १० मिलिमीटर वाढतो. रानात खडकाळ जमिनीवर चालून तो आपोआप झिजतो. पाळलेल्या घोड्याचा खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी जाणत्या हाताकडून तासून घ्यावा लागतो. नालाविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी म्हणतात, नालाशिवाय घोडा नाहीच. कोणी म्हणतात, नाल ठोकणे म्हणजे निसर्गद्रोह. सत्य मधे आहे. मातीवर, गवतावर, थोड्या कामाच्या घोड्याला नीट तासलेला उघडा खूर पुरतो, आणि त्याची वर सांगितलेली हालचाल अधिक मोकळी राहते. डांबरी रस्त्यावर रोज कित्येक मैल ओढणाऱ्या घोड्याचा खूर वाढीपेक्षा लवकर झिजतो. त्याला संरक्षण हवेच. मात्र एकदा ठोकलेला नाल पडेपर्यंत तसाच ठेवणे वाईट, कारण आत खूर वाढतच असतो.

जमिनीचाही विचार हवा. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील ग्रीक लेखक झेनोफन याने अश्वविद्येवर एक पुस्तक लिहिले. त्या काळी ग्रीकांत खिळ्यांनी नाल ठोकण्याची चाल नव्हती. ओल्या व गुळगुळीत जमिनीने चांगले खूरही बिघडतात, म्हणून तबेल्याबाहेर गोट्यांची जागा करून घोड्याला तेथे उभे करावे, म्हणजे खूर कणखर होतात, असा सल्ला त्याने दिला आहे. खाजगी मोटारींना बंदी असलेल्या माथेरानात घोडे आजही माणसांना पाठीवर नेतात. तांबड्या मातीची चढण आणि गुळगुळीत बांधीव वाट यांत घोड्याचे पाऊल कोठे निर्धास्त पडते, हे तेथील कोणीही घोडेवाला सांगेल.

सोबत आणि झोप

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे जवळजवळ सभोवारचे त्याला दिसते. नाकासमोरची अगदी जवळची जागा आणि शेपटीमागची जागा एवढीच काय ती दृष्टीआड राहते. म्हणून त्याच्याकडे नेहमी खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जावे. मागून अचानक कधीही जाऊ नये. सतत सावध असणाऱ्या या प्राण्याला निर्धास्तपणा मिळतो तो सोबतीतूनच. कळपातील काही घोडी आडवी होऊन झोपतात तेव्हा एखादे तरी उभे राहून पहारा करते. पायांच्या सांध्यांना आतून एक प्रकारची कडी घालण्याची सोय असल्यामुळे घोडा उभ्यानेही विसावतो, हे तुम्ही वाचले असेल. पण गाढ, स्वप्नांची झोप त्याला आडवे झाल्याशिवाय लागत नाही, आणि ती रोज थोडा वेळ तरी हवीच. आखूड दोराने तोंड बांधलेला, ओल्या दगडी जमिनीवर उभा असलेला किंवा एकटेपणाने बिचकलेला घोडा कित्येक दिवस आडवा होत नाही. मग उभ्या उभ्या पेंगून गुडघ्यांवर कोसळतो.

दोन घोडे एकमेकांची आयाळ व वशिंडाजवळचा भाग दातांनी हलके खाजवताना तुम्ही पाहिले असतील. फ्रान्सच्या दक्षिणेकडील कामार्ग भागातील घोड्यांचा अभ्यास करून १९९३ साली असे दाखवण्यात आले की, नेमक्या त्याच जागी खाजवले असता घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. म्हणजे खरारा करणाऱ्या मोतद्दाराचा हात जेव्हा मानेच्या मुळाशी रेंगाळतो, तेव्हा तो घोड्याच्या भाषेत मैत्रीचे बोलणे बोलत असतो. घोड्याच्या मानेवर जोरजोराने थापट्या मारण्यापेक्षा तेथे हळूच खाजवणे त्याला अधिक रुचते. आणि ज्याच्या नशिबी सोबती नाही, चारा थोडा आणि कोठडी कायमची, तो घोडा काय करतो? तो गव्हाणीची कड दातांत धरून हवा गिळू लागतो, किंवा दारात उभा राहून तासन्‌तास डावी-उजवीकडे झुलत राहतो. मोकळ्या घोड्यांत या खोडी दिसत नाहीत. त्या घोड्याच्या स्वभावाच्या नव्हेत, त्याच्या कोंडमाऱ्याच्या खुणा आहेत.

थान कसे असावे

आपल्या देशात या विषयाचा विचार फार जुना आहे. अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य म्हणून शालिहोत्राचे नाव घेतले जाते. उत्तरेकडे घोड्यांच्या वैद्याला 'सलोतरी' म्हणत, तो शब्द याच नावावरून आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या कर्तव्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. प्रत्येक घोड्याला त्याच्या लांबीइतकी चौरस जागा, खाली गुळगुळीत फळ्या, समोर चाऱ्याचा कोठा, मलमूत्र वाहून जाण्याची सोय आणि तोंड पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे, इतका बारीक तपशील त्यात सांगितला आहे.

आजच्या ज्ञानाने यात भर घालायची तर ती हवेची. साठलेल्या मूत्रातून उठणारा उग्र वायू घोड्याच्या फुप्फुसांना फार अपाय करतो. तबेल्यात शिरताच आपल्या डोळ्यांना झोंबले, तर जमिनीलगत नाक असलेल्या घोड्याचे काय होत असेल याची कल्पना करावी. आपल्या हवेत घोड्याला भिंतींपेक्षा छपराची गरज अधिक : वर ऊन-पाऊस अडवणारा आडोसा, बाजू मोकळ्या, खाली कोरडी जमीन, पसरलेले गवत, आणि दिवसातून काही तास दोर न लावता हिंडण्याची मुभा. भिंती नीटनेटक्या दिसतात. पण घोड्याला हवा आणि नजरेच्या टप्प्यात दुसरा घोडा हवा असतो.

भीमथडीची तट्टे

ही राहणी परदेशी नवलाई आहे असे कोणी समजू नये. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडीची तट्टे ठेंगणी, काटक आणि थोड्या चाऱ्यावर निभावणारी म्हणून मराठ्यांच्या काळापासून प्रसिद्ध आहेत. दख्खनी घोड्यांची ही परंपरा मोठ्या प्रमाणात टिकवली ती धनगर मेंढपाळांनी. पावसाळा सरला की मेंढरांच्या खांडाबरोबर बिऱ्हाड पाठीवर घेतलेली घोडी बेळगाव-कोल्हापूरकडच्या माळरानांवर आजही दिसतात. भांडी, घोंगड्या, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे आणि कधी लहान मूल, असा सारा संसार त्यांच्या पाठीवर असतो. रोजचे चालणे, वाटेने चरणे, सोबतीला इतर घोडी आणि रात्री उघडे आकाश. त्यांचे जिणे खडतर आहे, ओझेही कमी नाही. पण चाल, चारा आणि सोबत या तीन गोष्टी त्यांना मिळतात, म्हणून ती टिकतात.

आणि सरकारी पागांचे काय? १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना धाडलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला उपद्रव देऊ नये, ही त्यातील आज्ञा सर्वांच्या तोंडी आहे. पण त्याच पत्रात घोड्यांविषयीची कळकळ तितकीच आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आताच बेहिशेबाने उधळाल, तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असे महाराज बजावतात. उंदीर दिव्याची जळती वात ओढून नेईल आणि गवताची गंज पेटेल, इथपर्यंत त्यांची नजर जाते. राज्य उभारणारा पुरुष गवताच्या काडीचा हिशेब ठेवतो, तो केवळ काटकसर म्हणून नव्हे. जनावराचा पुढचा महिना आपल्या आजच्या शिस्तीवर अवलंबून आहे, हे त्याला कळलेले असते.

न बोलणाऱ्याची भाषा

घोडा दुखणे ओरडून सांगत नाही. रानात दुबळेपणा दाखवणाऱ्याचाच पहिला बळी जातो, त्यामुळे तो वेदना लपवतो. तरीही त्याचा चेहरा बोलतो. २०१४ साली युरोपातील संशोधकांनी घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. ताठरून मागे वळलेले कान, अर्धवट मिटलेली पापणी, डोळ्याच्या वर उमटलेला ताण, आवळलेले जबड्याचे स्नायू, घट्ट मिटलेले ओठ व पुढे आलेली हनुवटी, आणि ताणलेल्या नाकपुड्या, या सहा खुणा त्यात सांगितल्या आहेत. तुम्हीही त्या सहज शिकू शकाल.

याखेरीज काही साधी मापे ध्यानात ठेवावीत. विश्रांती घेत असलेल्या निरोगी मोठ्या घोड्याचे तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, नाडीचे ठोके मिनिटाला सुमारे ३० ते ४० आणि श्वास ८ ते १६ असतात. दिवसातून आठ ते बारा वेळा तो लीद टाकतो. लीद थांबली, घोडा वारंवार कुशीकडे वळून पाहू लागला, पायाने जमीन खरवडू लागला किंवा लोळू लागला, की पोटशूळाची शंका घेऊन तत्काळ पशुवैद्याला बोलवावे. घरगुती काढा नळीने घशात ओतण्याचा प्रयोग करू नये, तो फुप्फुसात जाण्याची भीती असते. खिळा लागून झालेली लहानशी जखमही घोड्याला धनुर्वाताने मारू शकते. त्यासाठी लस आहे आणि ती वेळेवर टोचून घ्यावी. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि कडेने धारदार होतात. चारा चावताना तोंडातून अर्धवट चावलेले गोळे पडू लागले तर दात तपासून घ्यावेत.

कायदा आणि आपण

आपल्या देशात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला आणि ओझ्याच्या जनावरांसंबंधीचे नियम १९६५ साली आले. त्या नियमांप्रमाणे जनावराकडून दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त, आणि विसाव्याशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. तापमान ३७ अंशांच्या वर जाणाऱ्या ठिकाणी दुपारी बारा ते तीन या वेळात त्याला कामाला लावता येत नाही. काटे असलेला लगाम वापरणे हाही गुन्हा आहे. लग्नसराईत भर दुपारी, ढोल-ताशांच्या आणि फटाक्यांच्या गोंगाटात, तोंडातून रक्ताळलेला फेस गाळत उभी असलेली घोडी पाहिली म्हणजे हे नियम किती कुटुंबांना ठाऊक आहेत असा प्रश्न पडतो. मुंबईतील हौशी घोडागाड्या बेकायदेशीर असल्याचा निर्णय उच्च न्यायालयाने २०१५ साली दिला, त्यामागेही घोड्यांच्या हालाखीचीच कहाणी होती.

परंतु केवळ घोडेवाल्याला दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. तो बहुधा गरीब असतो. घोडा मेला तर त्याचे घर बसते. त्याच्याशी भांडण्यापेक्षा त्याला मदत होईल असे पाहावे. या लेखात सांगितलेल्या पुष्कळशा गोष्टींना पैसा लागत नाही. चारा विभागून देणे, बादली घासून भरणे, घोडा सावलीत बांधणे, दोर लांब सोडणे, रोज खुरातला खडा काढणे, दोन घोडी एकमेकींना दिसतील अशी बांधणे, या साऱ्याला लागते ती फक्त समज. तुमच्या घरी लग्नकार्य निघाले, तर घोड्याचा लगाम काटेरी नाही ना, त्याला पाणी मिळाले ना, मुहूर्त भर उन्हाचा असल्यास वरात सायंकाळी काढता येईल का, हे विचारणारे तुम्ही व्हा. थंड हवेच्या ठिकाणी गेलात, तर लंगडणाऱ्या, पाठीवर खोगिराची जखम असलेल्या घोड्यावर बसण्यास नम्रपणे नकार द्या आणि सुदृढ, नीट राखलेल्या घोड्याच्या मालकाला दोन पैसे अधिक द्या. गिऱ्हाईक जे मागते तेच बाजार पुरवतो. गिऱ्हाइकाने निरोगी घोडा मागितला, तर तो पुरवणेच घोडेवाल्याच्या फायद्याचे ठरेल.

घोड्याने माणसाला वेग दिला, रणांगणे जिंकून दिली, डाक पोहोचवली, बिऱ्हाडे वाहिली. त्याबद्दल त्याचे मागणे फार थोडे आहे : तोंडाशी चारा, पायांना चाल आणि शेजारी सोबती. जो पाळतो त्याने हे दिलेच पाहिजे. आणि जो पाळत नाही त्याने निदान ते ओळखायला शिकावे.